आजीला बोलतं करताना

"आजी, तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" असं म्हटलं की आजी म्हणते, "माझं काय सांगायचं, बाबा!" आणि विषय तिथंच संपतो. त्यापेक्षा 1972च्या दुष्काळाचं विचारा. दुष्काळी कामावर खडी फोडायला कुठं जायच्या, तान्हं लेकरू कुणापाशी ठेवायच्या, तिथं वाटलेली सुकडी कशी लागायची, तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी थापताना कशा फुटायच्या? मग बघा, थांबवावं लागेल!

आपल्या परभणीत 85च्या पुढच्या माणसांनी निजामाचं राज्य पाहिलंय. निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या भीतीनं रानात काढलेल्या रात्री, निजामाचा हाली रुपया, ते राज्य संपलं त्या 17 सप्टेंबर 1948 नंतरचे दिवस, हे त्यांच्या तोंडून ऐकायला आता फार वेळ उरलेला नाही.

आठवणी ओव्यांतही असतात. अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यात आपल्या जिल्ह्यातल्या ताडकळसच्या ओव्याही आहेत. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांनी सासर, माहेर, दुःख, सगळं त्यात मांडलंय. तेव्हा आजीला गायलाही सांगा. बोलण्यात न येणारं ओवीत येतं.

मोबाइलवर रेकॉर्डिंग करा, पण पंखा बंद ठेवा, आवाज स्वच्छ येतो. एका बैठकीला अर्धा तास पुरे. सन चुकला तर मध्येच दुरुस्त करू नका. भाऊबंदकीचं काही निघालं, तर ते कुणाला ऐकवायचं हे आजीच ठरवील. शेवटी नाव, गाव, तारीख बोलून घ्या आणि रेकॉर्डिंगची एक प्रत दुसऱ्या कुणाकडे ठेवा.