मुलांच्या वह्यांपासून सुरुवात करू या



उत्तनचे कोळीवाडे, भाईंदरची मिठागरे आणि घोडबंदरचा किल्ला यांच्या या शहरात आपलं मनःपूर्वक स्वागत. इथली महानगरपालिका २००२ सालची. वस्ती मात्र त्याआधीच बहुभाषक झाली होती. मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू बोलणारी इथली मुलं इंग्रजी निबंध लिहिताना सारखीच अडखळतात. म्हणून कॉर्पसवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या भाषेच्या नमुन्यांच्या संग्रहावर, परिषद भरवायचं ठरताच आम्ही यजमानपद मागून घेतलं.

कॉर्पस हे परदेशी खूळ आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी कोल्हापूरकडे पाहावं. शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा कॉर्पस १९८६ मध्ये पूर्ण केला. १९७८ साली छापलेल्या मजकुरातले सुमारे दोन-दोन हजार शब्दांचे पाचशे उतारे त्यात आहेत. आराखडा अमेरिकेच्या ब्राऊन कॉर्पसचा ठेवल्यामुळे दोन्हींची तुलना करता येते. जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांनी तो वापरला. शाळेच्या वर्गापर्यंत तो पोचला नाही, याची मला खंत वाटते.

वर्गात न्यायचा कसा, ते बर्मिंगहॅमच्या टिम जॉन्स यांनी दाखवलं: नियमाआधी उदाहरणं द्यायची. ‘डिस्कस’ हे क्रियापद घ्या. ‘त्याविषयी चर्चा केली’ असं मनात धरून मुलं त्यापुढे ‘अबाउट’ लिहितात. आपण लाल शाईने खोडतो. पुढच्या निबंधात ते पुन्हा हजर! त्याऐवजी ‘डिस्कस’ मधोमध असलेल्या वीस ओळी कॉर्पसमधून काढून मुलांच्या हाती द्या आणि त्याच्या उजवीकडे काय येतं ते शोधायला सांगा. ‘प्लॅन’, ‘प्रॉब्लेम’, ‘प्रपोजल’ थेट येऊन चिकटलेले दिसतात. मुलांनी स्वतः शोधलेलं लिहिताना आठवतं. वर्गात संगणक नसला तरी अडत नाही, एक झेरॉक्स पुरते.

पण छापील इंग्रजीत आपल्या मुलांच्या अडचणी दिसणार नाहीत. त्यासाठी त्यांचंच लेखन जमवायला हवं. बेल्जियममध्ये सिल्विआन ग्रँजर यांनी निरनिराळ्या मातृभाषांच्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध असेच गोळा केले. माझी कळकळीची विनंती आहे: प्रत्येक शाळेनं थोडे निबंध द्यावेत, चुका न सुधारता, नावं वगळून, मातृभाषा आणि इयत्ता नोंदवून, पालकांच्या संमतीनं. परिषदेहून परतण्यापूर्वी या नोंदींचा एक समान नमुना ठरवा. निबंध टंकून घेण्याची जबाबदारी स्वागत समिती आनंदानं उचलेल.