अबोल रुग्णाची कैफियत



भंडारा जिल्ह्यातील वैद्यक व्यावसायिकांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दलचे आभार मी एका वाक्यात उरकून विषयाकडे वळतो. कारण ज्या विषयावर मला बोलावयाचे आहे, तो आपल्या प्रत्येकाच्या वॉर्डात रोज नजरेसमोर असूनही दप्तरात मात्र बहुधा गैरहजर असतो. अर्धांगवायूच्या रुग्णाची वेदना हा तो विषय होय.

ज्याला आपल्याकडील लोक लकवा म्हणतात, तो केवळ शहरी सुखवस्तूंचा रोग आहे हा समज आता कोणी बाळगू नये. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेने ८६ खेड्यांतील मृत्यूंची कारणे तपासून जे संशोधन २०१५ साली प्रसिद्ध केले, त्यात दर सात मृत्यूंमागे साधारण एक मृत्यू या व्याधीने झालेला आढळला, आणि मृत्यूच्या सर्व कारणांत तिचा क्रमांक पहिला लागला. धानाची शेती, अंगमेहनत आणि दवाखान्याचे अंतर या बाबतीत आपली खेडी त्या खेड्यांहून फारशी वेगळी नाहीत.

पवनी वा लाखांदूरकडचा रुग्ण भंडाऱ्यास पोहोचेपर्यंत, रक्ताची गुठळी विरघळविणाऱ्या औषधाची साडेचार तासांची मुदत पुष्कळदा टळून गेलेली असते. मग रक्तदाब, शुद्धीची पातळी, हातापायांतील शक्ती यांच्या नोंदी होतात, नातेवाइकांस नागपूरला नेण्याविषयी विचारले जाते, आणि या सर्व धावपळीत ‘दुखते काय?’ हा प्रश्न एकतर विचारलाच जात नाही, किंवा ज्याची वाचा गेली आहे त्याला विचारला जाऊन, उत्तर न आल्यामुळे ‘तक्रार नाही’ असा शेरा कागदावर पडतो. आरोपीची कैफियत न घेता निकाल देणाऱ्या न्यायाधीशाला आपण जे नाव ठेवू, तेच या शेऱ्याला ठेवावे लागेल. बोलून सांगता न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे, हे वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली सुधारलेल्या आपल्या व्याख्येसोबत स्पष्टपणे नमूद केले आहे.

परंतु मापन करावे कसे, येथे खरी अडचण आहे. शून्य ते दहा या अंकांचे माप शस्त्रक्रियेच्या रुग्णाला पुरते. मेंदूच्या डाव्या बाजूस इजा झालेल्या, शब्द आणि अंक दोन्ही हरवून बसलेल्या रुग्णाला ते निरुपयोगी ठरते. वेदनेचे प्रमाण दाखविण्यासाठी आडव्या रेषेवर बोट ठेवावयास सांगावे, तर उजव्या बाजूस इजा झालेल्या कित्येकांना त्या रेषेचे डावे टोक जाणवतच नाही. म्हणून रेषा उभी धरावी, आणि तीही त्याच्या चांगल्या बाजूस. मान हलविण्यावर विसंबावे, तर काही रुग्ण प्रत्येक प्रश्नाला होकार देतात. यावर एक सोपी तजवीज आहे: वेदनेविषयी विचारण्यापूर्वी ज्याचे उत्तर निश्चित ‘नाही’ असेच असावयास हवे असा एखादा प्रश्न विचारावा, आणि तेथेही मान होकारार्थी हलली, तर पुढील होकाराची किंमत त्या बेताने धरावी.

स्वतः सांगणे ज्याला सर्वथा अशक्य, त्याच्यासाठी श्वास, कण्हणे, चेहरा, अंगाची हालचाल आणि धीर दिल्यावर शांत होणे या पाच लक्षणांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देणारे कोष्टक २००३ साली तयार झाले व ते जगभर वापरात आहे. ते उपयुक्त आहे, यात संशय नाही. मात्र ते स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी रचलेले आहे, याचा विसर पडू नये. लुळा हात आखडून घेता येत नाही, चेहऱ्याची एक बाजू कपाळाखाली आक्रसत नाही. सबब ओठांची मुरड चांगल्या बाजूवर शोधावी लागते. उलटपक्षी, या व्याधीत विनाकारण रडू कोसळते, तेव्हा प्रत्येक अश्रू वेदनेचा मानणेही चूकच.

आणि विश्रांतीत निजलेल्या रुग्णाकडे पाहून वेदनेचा अदमास घेणे हा तर आपला जुना दोष आहे. खांदा हा या रुग्णांचा मर्मभाग. स्नायूंचा आधार सुटलेला तो सांधा, रुग्णाला उठवून बसविताना मायेच्याच माणसांनी लुळ्या हाताला धरून ओढल्यामुळे, किंवा तेल लावून जोराने चोळल्यामुळे दुखावतो, आणि पुढे कित्येक महिने त्या हाताचा व्यायामच होऊ देत नाही. कूस बदलताना, अंग पुसताना, हात उचलताना काय दिसले, हे पाहणारी परिचारिका आणि रात्रभर उशाशी बसलेली पत्नी किंवा सून याच खऱ्या साक्षीदार होत. आपली सकाळची फेरी त्या मानाने फारच घाईची असते. नातेवाइकाला ‘कसे आहेत?’ असे मोघम न विचारता ‘कोणत्या वेळी, काय करताना कण्हतात?’ असे त्याच्या बोलीत, मग ती झाडी असो, पोवारी असो वा गोंडी, विचारावे.

एका वेदनेचा स्वतंत्र उल्लेख केलाच पाहिजे. १९०६ साली पॅरिसमध्ये देजरीन आणि रूसी यांनी वर्णिलेली, मेंदूतील थॅलॅमसच्या इजेनंतर उद्भवणारी ही वेदना बहुधा काही आठवड्यांनी वा महिन्यांनी, रुग्ण घरी गेल्यावर सुरू होते. पांघरुणाचा स्पर्शही आग लावतो, गार पाणी सोसवत नाही, आणि नेहमीची वेदनाशामक औषधे तिच्यापुढे हात टेकतात. डेन्मार्कमधील १९९५ सालच्या पाहणीत ती शेकडा आठ रुग्णांत आढळली. वरून काहीच दिसत नसल्याने घरचे लोक या रुग्णाला हट्टी ठरवितात. शिवाय आपल्या भागात सिकलसेल आहे, जो तरुण वयात अर्धांगही आणतो आणि हाडांच्या असह्य कळाही; अशा रुग्णाचे प्रत्येक दुखणे लकव्याच्या खाती टाकून मोकळे होता येणार नाही.

वेदनेची अशी दखल घेण्यासाठी नवी यंत्रसामग्री लागत नाही, अनुदानाचा अर्ज करावा लागत नाही. म्हणून अध्यक्ष या नात्याने माझी या परिषदेस विनंती आहे की, जिल्ह्यातील प्रत्येक रुग्णालयाने अर्धांगवायूच्या रुग्णाच्या तक्त्यावर प्रत्येक पाळीत वेदनेची नोंद, एक विश्रांतीतील व एक हालचालीतील, माहिती कोणी दिली त्याच्या उल्लेखासह करावी. रुग्णास घरी पाठविताना त्याचा खांदा कसा सांभाळावा हे नातेवाइकांस करून दाखवावे. आणि पुढच्या प्रत्येक भेटीत वेदनेची विचारपूस व्हावी, असा ठराव आजच्या बैठकीत मंजूर करावा.