शिडी, अंधार आणि जुन्नर

दिग्पाल लांजेकरांचा ‘फर्जंद’ २०१८ साली आला. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदांनी अवघ्या ६० मावळ्यांनिशी पन्हाळा घेतला, त्याची ही गोष्ट. अशा चित्रपटात साठ माणसं साठच दिसावीत. हजारोंची गर्दी उभी केली की लढाई हरवलीच म्हणून समजा!

आता आपल्या जुन्नरचंच घ्या. १६५७ च्या एप्रिलअखेरीस शिवरायांच्या माणसांनी रात्री दोराच्या शिड्या लावून इथला तट ओलांडला, पहारेकरी कापले आणि तीन लाख होन, २०० घोडी घेऊन पसार झाले. जुन्नरच काय, शेजारचा शिवनेरी किल्लाही तेव्हा मोगलांकडेच. या प्रसंगाला ना तोफ लागते, ना भाषण. दगडाला घासणारा दोर ऐकू यावा, आणि एवढी घोडी अंधारातून बाहेर काढली कशी, तेवढं दिसावं.