मावशी आणि आजी



चिटणिसांनी आमची ओळख करून देताना ‘जपानमध्ये इंग्रजी शिकविलेले शिक्षणतज्ज्ञ’ असे शब्द वापरले. त्यांतले जपान तेवढे खरे. आम्ही तेथे गेलो ते शिकाऊ म्हणून, आणि आज सांगणार आहोत ते बहुतेक आमच्या फजितीविषयीच.

परदेशी तरुणांना शाळांतून साहाय्यक भाषाशिक्षक म्हणून बोलावण्याची मोठी योजना जपान सरकारने १९८७ साली सुरू केली. ती आजही चालू आहे. तशी ही प्रथा जुनी. लाफ्काडिओ हर्न हा लेखक १८९० साली मात्सुए येथील माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवीत होता. त्याच शिमाने प्रांतात, भातखाचरांनी वेढलेल्या एका गावी, २०१६ च्या ऑगस्टात आम्ही रुजू झालो. मुले बारा ते पंधरा वर्षांची. वर्ग जपानी शिक्षकांचा. आम्ही बाजूला उभे राहून उच्चार सांगावयाचे. बोलता पोपट म्हणा ना!

तास सुरू होताना वर्गनायक हुकूम देतो, सारा वर्ग उभा राहून लवतो आणि खाली बसतो. मग जी शांतता पसरते ती तास संपेपर्यंत. आपल्याकडे शांततेसाठी टेबलावर डस्टर आपटावे लागते. तेथे आम्ही आवाजासाठी तळमळत होतो. प्रश्न विचारला की मुलगा शेजाऱ्याकडे पाही आणि शेजारी वहीकडे. उत्तर येत नसे असे नाही. पण चारचौघांत चुकण्याची लाज फार. शिवाय पंधराव्या वर्षी पुढच्या शाळेची प्रवेशपरीक्षा, आणि तीत भर लिहिण्यावाचण्यावर नि ऐकण्यावर. मग बोलून करावयाचे काय?

हे आम्हांस आधी सांगितलेले होते. तरी ऑक्टोबरात आमच्या हातून व्हायचे ते झालेच. जपानी भाषेत र आणि ल हे वेगळे ध्वनी नाहीत. दोहोंच्या मधला असा एकच आहे. त्यामुळे ‘राइट’ आणि ‘लाइट’ त्यांच्या कानाला सारखेच. शेवटच्या वर्षाच्या एका मुलास आम्ही उभे केले आणि हे दोन शब्द त्याच्याकडून म्हणवून घेतले. एकदा, दोनदा, दहादा. हेतू चांगला होता. हेतू नेहमीच चांगले असतात. दहाव्या वेळी त्याचे कान लाल झाले होते आणि वर्गात कोणी हसत नव्हते. पुढच्या तासाला तो आला नाही. शाळेच्या आरोग्यखोलीत पडून होता. मुख्य शिक्षक आम्हांस एका शब्दानेही बोलले नाहीत. “आज त्याचे पोट दुखते आहे,” एवढे सांगून त्यांनी खडू आमच्या हाती दिला. त्यांनी रागावले असते तर बरे वाटले असते.

तेथे शाळा झाडण्याचे काम मुलेच करतात आणि शिक्षकही त्यांच्याबरोबर फडके हाती घेतात. नोव्हेंबरात एके दिवशी जिना पुसताना जोडीला नेमका तोच मुलगा आला. शाळेच्या स्वयंपाकघरातील बाई समोरून चालल्या होत्या. आम्ही रोजच्यासारखे ‘ओबाऽसान’ म्हणून लवून नमस्कार केला. मुलाच्या हातचे फडके गळून पडले. ‘ओबासान’ म्हणजे मावशी, आणि ‘बा’ लांबविला की आजी! चाळिशीच्या त्या बाईंना आम्ही तीन महिने आजी म्हणत होतो, आणि त्या बिचाऱ्या हसून पुढे जात होत्या. मराठीत आ म्हणजे आ. तो किती लांब, हे मोजण्याची आपल्याला सवय नाही. मुलाने आम्हांस पायरीवर बसविले आणि दोन्ही शब्द म्हणवून घेतले, दहाहून पुष्कळ अधिक वेळा. आम्हांस फरक ऐकूच येईना. शेवटी त्याने टाळ्या वाजवून दाखविल्या: मावशीला चार, आजीला पाच. तेव्हा आम्ही ‘राइट-लाइट’बद्दल त्याची क्षमा मागितली. त्याने मान हलविली, एवढेच.

पुढच्या आठवड्यात त्याच्या वहीत वाक्य आढळले: ‘आय यस्टरडे रिव्हर टू वेंट.’ तांबडी शाई उचलली आणि थांबलो. हे तर आमचेच पाचवीतले वाक्य! फळ्यावर आम्ही मराठी आणि जपानी वाक्य एकाखाली एक लिहिले: मी काल नदीला गेलो, वाताशी-वा किनोऽ कावा-नि इकिमाशिता. शब्दाखाली शब्द बसला, ‘ला’खाली ‘नि’ आला, क्रियापदाखाली क्रियापद. त्याखाली इंग्रजी लिहिताच ‘वेंट’ने पुढे उडी घेतली आणि ‘टू’ नदीच्या अलीकडे जाऊन बसला. वर्गातून पहिल्यांदाच ‘ओऽ’ असा आवाज निघाला, आणि एका मुलीने जपानीत विचारले, “म्हणजे इंग्रजी तुमचीही भाषा नाही?”

हा प्रश्न कोणी विचारू नये म्हणूनच आम्ही इतके दिवस उच्चारांची एवढी ऐट करीत होतो. नाही, म्हणून सांगितले. मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आले ते २००० साली. आम्ही ते पाचवीत सुरू केले. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ आमच्या तोंडी अजून एकच ‘व’ आहेत, हेही सांगून टाकले. ‘व्ही’ला ती मुले ‘ब’ म्हणत. मग आम्ही सगळ्यांनी मिळून खालचा ओठ दातांखाली धरण्याचा सराव केला. मुख्य शिक्षकही त्यात होते. त्या दिवशी गोंगाट झाला. शेजारच्या वर्गाचे शिक्षक दारातून डोकावून गेले.

त्या मुलाचा ‘लाइट’ शेवटपर्यंत ‘राइट’च राहिला. मार्चमध्ये तो शेतकी शाळेत प्रवेश मिळवून गेला. निरोपाच्या दिवशी स्वयंपाकघरातल्या बाईंना आम्ही हाक मारली, तेव्हा तो मागे उभा राहून बोटांवर मोजत होता. चार भरली.