आवडता भाग कोणता, आणि का?



रात्री बघितलेल्या मालिकेवर दुसऱ्या दिवशी बोलणं होतंच. नळावर होतं, खुरपणीला होतं, गटाची बैठक सुरू व्हायच्या आधी होतं. कालचा भाग बरा होता, पण आता पहिल्यासारखी मजा राहिली नाही, असं कुणीतरी म्हणतं. मग दुसरी म्हणते, छे, उलट आताच रंगायला लागलीय. घरातले म्हणतात, या बायकांना दुसरा उद्योग नाही. आज आम्ही अशाच बोलण्याची एक गोष्ट सांगणार आहोत. ती अमेरिकेतली आहे आणि खरी घडलेली आहे.

१९६६ सालच्या सप्टेंबरात तिथं ‘स्टार ट्रेक’ नावाची मालिका सुरू झाली. एन्टरप्राईज नावाचं एक अवकाशयान ताऱ्यांमधून हिंडतं, नव्या नव्या ग्रहांवर जातं, अशी ती विज्ञानकथा. आपल्याकडे दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ लागायची, ती काहींना आठवत असेल. साधारण त्या जातीची, पण तिच्या तीस वर्षं आधीची.

या मालिकेची तीन पर्वं झाली. तेव्हापासून आजपर्यंत तिचे चाहते एकच वाद घालत आले आहेत: सगळ्यात चांगला भाग कोणता आणि सगळ्यात चांगलं पर्व कोणतं?

पहिल्या पर्वाच्या बाजूचे लोक एका आईची गोष्ट सांगतात. एका ग्रहावर खाणकाम चाललेलं असतं. दगड पोखरत येणारा एक प्राणी कामगारांना मारतो, म्हणून सगळे त्याला ठार करायला निघतात. शेवटी कळतं, कामगार जे गोल गोळे फोडत होते ती त्या प्राण्याची अंडी होती. ती आई आपली पिल्लं वाचवत होती. मग डॉक्टर तिच्या दगडी अंगावरची जखम चक्क काँक्रीटनं बुजवतो. पुढं तिची पिल्लं बोगदे खणतात, कामगार खनिज काढतात, आणि दोघांचं भागतं.

दुसऱ्या पर्वाचे चाहते केसाळ गोळ्यांचा भाग पुढं करतात. हे गोळे दिसायला गोड, पण खातात आणि वाढतात, खातात आणि वाढतात. शेवटी धान्याच्या कोठारात शिरतात. कणगीला उंदीर लागले की काय होतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. पण इथं कोठारातले गोळे मरून पडलेले सापडतात, आणि त्यावरूनच उघड होतं की धान्यात विष कालवलेलं आहे.

तिसऱ्या पर्वाची बाजू घेणारे मात्र थोडेच. त्याचा पहिलाच भाग असा, की एकाचा मेंदू चोरीला जातो आणि त्याचं शरीर यंत्राची बटणं दाबून चालवतात. हसावं की रडावं कळत नाही. शेवटचा भाग तर पुष्कळ बायकांना लागला. बायकांना यानाचं कप्तानपद मिळत नाही म्हणून चिडलेली एक शास्त्रज्ञ बाई त्यात आहे, आणि तिला वेडीच ठरवलं आहे.

गंमत अशी, की हे तिसरं पर्व चाहत्यांनीच भांडून मिळवलं होतं. दुसरं पर्व चालू असताना मालिका बंद होणार अशी बातमी आली. तेव्हा ब्यो ट्रिंबल नावाची एक बाई आणि तिचा नवरा जॉन यांनी पत्रांची मोहीम उभी केली. त्यांचं सांगणं साधं होतं. एकीनं लिहिलेलं पत्र दुसरीनं उतरवून काढायचं नाही. प्रत्येकानं आपल्या शब्दांत लिहायचं. आणि दहा जणांना सांगायचं, त्या दहांनी आणखी दहांना. त्या वेळी घरोघरी संगणक नव्हता, मोबाइल नव्हता. होतं ते कागद, पाकीट आणि तिकीट. पत्रांचा आकडा लाखाच्या वर गेला. १ मार्च १९६८ रोजी, त्या दिवशीचा भाग संपताना, मालिका सुरू राहणार असं वाहिनीनं जाहीर केलं.

पण पुढं काय झालं? मालिकेला शुक्रवारी रात्री दहाची वेळ मिळाली. तिची तरुण मंडळी त्या वेळी घराबाहेर. दर भागाचा पैसा कमी केला. मालिका ज्यानं निर्माण केली तो जीन रॉडनबेरी रोजच्या कामातून बाजूला झाला. १९६९ च्या जूनमध्ये मालिका बंदच पडली. मग पत्रं लिहिण्याची मेहनत वाया गेली का?

आमचं म्हणणं आहे, नाही गेली. दोन पर्वांचे मिळून ५५ भाग होत होते. तिसऱ्यामुळं ते ७९ झाले. ठिकठिकाणच्या लहान केंद्रांना सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग दाखवायचा, तर जवळजवळ चार महिने पुरतील एवढे. अशी ती पुन्हा पुन्हा लागत गेली आणि बंद पडल्यावरच खरी घराघरांत पोचली. १९७२ साली न्यूयॉर्कमध्ये चाहत्यांचा मेळावा भरला. काही शे लोक येतील असं वाटलं होतं, तीन हजारांच्या वर आले. पुढं १९९५ साली याच घराण्यातल्या एका नव्या मालिकेत यानाची कप्तान बाई झाली. जिला वेडी ठरवलं होतं, तिची मागणी २६ वर्षांनी खरी ठरली.

चाहत्यांनी तिसऱ्या पर्वाला कधी डोक्यावर घेतलं नाही. वाईट ते वाईटच म्हटलं. पण मालिका टाकूनही दिली नाही. आपलं आहे म्हणून दोष झाकायचा नाही, आणि दोष आहे म्हणून आपलं सोडायचं नाही. गट चालवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. एखादं वर्ष वाईट जातं, हप्ते थकतात, तोंडातोंडी होते. त्या वर्षाला चांगलं म्हणायची गरज नसते. पण ते वर्ष काढलं म्हणून गट दहा वर्षांचा होतो.

तेव्हा पुढच्या बैठकीत एक करून बघा. प्रत्येकीनं आपला आवडता भाग सांगायचा, मग तो मालिकेचा असो की आमच्या या रेडिओ कार्यक्रमाचा. आणि ‘का’ ते एका वाक्यात सांगायचं. नावडता असेल तर तोही सांगायचा, तसाच कारणासकट. बैठकीत सासवा, सुना, जावा एकत्र असतील तर सगळ्यात धाकटीला आधी बोलू द्या, नाहीतर ती मोठीच्याच मताला मान डोलावते. आमचे कोणते भाग तुम्हाला पटले नाहीत तेही कळवा. पत्र एकच आणि खाली वीस सह्या असं नको. प्रत्येकीचं वेगळं, आपल्या शब्दांत. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं, शेजारणीनं लिहावं, पण शब्द तिचेच ठेवावेत.

आम्ही ती पत्रं इथं वाचून दाखवू. आमच्यावर रागावलेली असतील तीसुद्धा.