मालक नसलेली हजेरी



कारखान्याच्या दाराशी कार्ड पंच करायचं यंत्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. पाळीवर जाताना एकदा, सुटताना एकदा. तैवानमध्ये जन्मलेल्या तेहचिंग श्ये या कलावंतानं ते न्यू यॉर्कमधल्या आपल्या स्टुडिओत बसवलं आणि ११ एप्रिल १९८० पासून वर्षभर दर तासाला कार्ड पंच केलं. रात्रीसुद्धा. अंगात कामगाराचा करडा गणवेश. पंच केलं की यंत्राशेजारी उभं राहून कॅमेऱ्यावर फिल्मची एकच चौकट टिपायची. मग पुढच्या तासापर्यंत मोकळा, म्हणजे म्हणायला मोकळा. सलग झोप नाही, लांब कुठं जाणं नाही.

मालक नाही, पगार नाही, हातून काही माल बाहेर पडत नाही. उरली ती नुसती हजेरी.

थकव्याचं चित्र म्हटलं की वाकलेले खांदे आणि खोल गेलेले डोळे काढायचा मोह होतो. श्येचा चेहरा मात्र कोरा आहे. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी पळते, म्हणजे एका सेकंदात एक दिवस. सहा मिनिटांत वर्ष खलास. घड्याळाचे काटे गरागरा फिरतात, माणूस जागच्या जागी थरथरतो, आणि सुरुवातीला तुळतुळीत असलेल्या डोक्यावर केस वाढत जातात.

श्ये १९७४ मध्ये खलाशी म्हणून अमेरिकेला पोचला आणि जहाज सोडून पळाला. कागदपत्रं नव्हती, म्हणून हॉटेलांत भांडी घासली, साफसफाई केली. ही कलाकृती कामगारांविषयी नाही, आयुष्याचा वेळ कसा सरतो त्याविषयी आहे, असं त्याचं म्हणणं. मला ते अर्धंच पटतं. नुसता वेळच दाखवायचा तर भिंतीवरचं साधं घड्याळ पुरलं असतं. त्यानं हजेरीचं यंत्र निवडलं. आज मोबाइलवर ऑर्डरची वाट पाहत नाक्यावर थांबलेल्या डिलिव्हरीवाल्या पोराला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

८,७६० पैकी १३३ पंच हुकले. ९४ वेळा झोप लागली, २९ वेळा उशीर झाला, १० वेळा घाईनं आधीच पंच झालं. हे सगळे खाडे त्यानं स्वतःच नोंदवून ठेवले. विचारणारं कुणी नव्हतं, तरी मुकादम हजर होता. या कलाकृतीतलं मला सर्वांत बोचतं ते हेच.

२०१७ च्या व्हेनिस बिएनालेत तैवानच्या दालनात ही कलाकृती मांडली गेली होती. पुढंमागं कुठं पाहायचा योग आला, तर फिल्मपाशीच थांबू नका. खाड्यांचा तक्ताही वाचा.