डेटा सायन्सचा अभ्यासक्रम निवडताना

डेटा सायन्सच्या उच्च शिक्षणाकडे वळणाऱ्या तरुणांसमोर आज अभ्यासक्रमांची जी विपुलता आहे, तिच्यात केवळ संस्थेच्या लौकिकावर आणि पहिल्या पगाराच्या आकड्यावर भिस्त ठेवून निर्णय घेण्याची प्रवृत्ती बळावत चालली आहे, आणि ती मला चिंताजनक वाटते.

प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कलकत्त्यास स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेचेच उदाहरण घेऊ. तेथील ‘एम. स्टॅट.’ या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमास शिक्षणशुल्क तर नाहीच, उलट विद्यावेतन मिळते, आणि संभाव्यता व अनुमान यांची बैठक पक्की करण्यावर तेथे भर असतो. हीच संस्था खरगपूरची आयआयटी व कलकत्त्याचे आयआयएम यांच्या सहयोगाने २०१५ पासून व्यवसाय-विश्लेषणाची पदविकाही देते. तिचे शुल्क लक्षावधी रुपयांचे, आणि गणिताच्या जोडीला संगणकतंत्र, व्यापारव्यवहार व एखाद्या कंपनीतील उमेदवारी असा तिचा विस्तार. मुदत दोहोंची सारखीच. घडण मात्र अगदी निराळी.

बँकेत वा कारखान्यात काही वर्षे काढून व्यवहारातील प्रश्न ज्याने जवळून पाहिले आहेत, त्याने पदविकेकडे जावे. नुकत्याच पदवीधर झालेल्याने मात्र पाया आधी घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याचे कारण सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले थोर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांच्या कार्यात सापडते. शेतातील लहानसा तुकडा आखून त्यातील पीक कापावयाचे आणि त्यावरून प्रांताच्या उत्पन्नाचा अंदाज बांधावयाचा, या पद्धतीत तुकडा फार लहान असला की सीमेवरची रोपे आत धरली जातात व उत्पन्न वास्तवाहून अधिक दिसते, हे त्यांनी १९४६ साली ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिले. असे सदोष तुकडे हजारोंनी वाढविले तरी हा दोष नाहीसा होत नाही. आणि आज लक्षावधी नोंदी क्षणात चाळणारे यंत्र हाताशी असले, तरी नोंद कोणी, कोठे व कशी केली याची खातरजमा करण्याची दृष्टी त्या यंत्रातून येत नाही. ती अध्ययनानेच येते, आणि नोकरीच्या धावपळीत तिच्यासाठी सवड क्वचितच मिळते.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना माझी विनंती आहे की, प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी संस्थेकडून अभ्यासक्रमाचा संपूर्ण तपशील मागवून घ्यावा, आणि संभाव्यता व नमुनानिवड यांना त्यात पुरेसे स्थान नसेल, तर तेथे शुल्क भरू नये.